जुना संगणक, नवे खेळ : घोडे कुठे अडते?



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी अकरावीचा एक विद्यार्थी टेबलापाशी घुटमळत होता.

"सर, एक विचारायचं होतं. अठरा हजार रुपये साठलेत. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?"

"कशासाठी?"

"नवे खेळ अडखळतात, सर. दुकानदार म्हणतो, कार्ड बदल, सगळं पळायला लागेल. पंचवीस हजारांचं आहे. वरचे सात हजार पप्पांकडं मागणार आहे."

त्याच्या वडिलांचा यंत्रमागांचा छोटा कारखाना आहे. त्या महिन्यात माग एकाच पाळीत चालत होते, हे मला ठाऊक होते. मुलाने पैसे साठवले होते ते सुट्टीत दिवाणजींच्या हाताखाली पावत्या लिहून. संगणकही दिवाणजींच्याच टेबलावरचा, २०१४ साली हिशेबासाठी घेतलेला. पुढे मामाने आपले वापरलेले ग्राफिक्स कार्ड त्यात बसवून दिले होते. पंचवीस हजार ही त्या घराला लहान रक्कम नव्हती. म्हणून मी त्याला लगेच 'घे' म्हटले नाही आणि 'घेऊ नकोस' असेही म्हटले नाही. "आधी मोजू, मग ठरवू," एवढेच सांगितले.

कसे मोजायचे आणि मोजल्यावर काय दिसले, ते या लेखात पाहू.

मागाचा धडा

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली बसवला. तेव्हापासून मागाचा खडखडाट हा या गावाचा श्वास झाला आहे. तेव्हा आपला पहिला दाखला तिथूनच घेऊ.

कापड विणताना उभ्या ताण्यातून धोटा आडवा धावतो आणि बाण्याचा धागा टाकतो. असा एक धागा पडला की एक पिक झाले. साधा धोट्याचा माग मिनिटाला सुमारे दीडशे पिके टाकतो. धोट्यातील धागा कांडीवर गुंडाळलेला असतो आणि कांड्या भरण्याचे यंत्र वेगळे असते. आता समजा, कांडीयंत्र मागांना जेमतेम पुरेल इतक्याच कांड्या भरते आहे. कारखानदाराने खर्च करून मागांचा वेग दीडशेवरून दोनशेवर नेला. कापड एक तृतीयांशाने वाढेल काय? नाही. वेग एक तृतीयांशाने वाढला, तर कांड्याही एक तृतीयांशाने जास्त लागतील. त्या मिळणार नाहीत आणि माग कांडीची वाट पाहत उभे राहतील. दिवसअखेर कापड पूर्वीइतकेच निघेल.

कामांची साखळी असली की तिचा वेग सर्वांत मंद कडीएवढाच असतो. मंद कडी सोडून दुसरी कोणतीही कडी बदलली, तर खर्च होतो, वेग वाढत नाही. हे मी सांगितले तेव्हा तो विद्यार्थी चटकन म्हणाला, "हे तर पप्पा रोज म्हणतात, सर. आधी कांडी बघा, मग जॉबरला बोलवा."

माग आणि संगणक यांचे नाते तसे जुनेच आहे. फ्रान्समध्ये जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पत्त्यांनी नक्षी विणणारा माग सिद्ध केला. तीच छिद्रांच्या पत्त्यांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली.

एका चित्राचा हिशेब

संगणकावरील खेळ म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे. एका सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला १००० ÷ ६० = १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांना प्रत्येकी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. गती चांगली की वाईट हे ठरवताना 'एका चित्राला किती वेळ लागला' असे मोजणे अधिक सोयीचे असते.

एक चित्र दोन टप्प्यांत तयार होते. पहिल्या टप्प्यात प्रोसेसर काम करतो. खेळाडू कुठे आहे, भोवतालची माणसे आणि गाड्या कुठे जात आहेत, कोणती वस्तू कशावर आदळली, हा सारा हिशेब करून तो 'काय काढायचे' याची यादी बनवतो. दुसऱ्या टप्प्यात ग्राफिक्स कार्ड त्या यादीप्रमाणे पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवते.

हे टप्पे मात्र एकामागून एक थांबून होत नाहीत. कार्ड आताचे चित्र काढत असते, तेव्हा प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करत असतो. म्हणून एका चित्राचा वेळ म्हणजे दोन्ही वेळांची बेरीज नव्हे. त्यांतील जो वेळ मोठा, तोच चित्राचा वेळ.

समजा, प्रोसेसरला २५ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २०.

सध्या : मोठा वेळ २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० चित्रे.

दुप्पट वेगाचे कार्ड घेतले (कार्ड १०, प्रोसेसर २५) : मोठा वेळ २५ मिलिसेकंदच, म्हणजे चित्रे ४०.

दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतला (प्रोसेसर १२.५, कार्ड २०) : मोठा वेळ २० मिलिसेकंद, म्हणजे चित्रे ५०.

दुसरी ओळ पुन्हा वाचा. पंचवीस हजार रुपये गेले आणि चित्रे होती तेवढीच राहिली. तिसरी ओळही पाहा. प्रोसेसर दुप्पट वेगवान झाला, पण चित्रे दुप्पट झाली नाहीत, कारण आता घोडे कार्डापाशी अडले.

फुकटची कसोटी

मग आपल्या संगणकात कोणती कडी मंद आहे, हे कसे ओळखावे? यासाठी एक साधी युक्ती आहे.

पडद्यावरील ठिपके मोजू. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. पहिली संख्या दुसरीच्या सव्वादोन पट आहे. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्र १०८० वरून ७२० वर आणले, की कार्डाचे काम पुष्कळ कमी होते. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण ठिपके कमी झाले म्हणून रस्त्यावरची माणसे कमी होत नाहीत.

आता खेळातील एकाच जागी उभे राहून दोन्ही मांडणींत सेकंदाची चित्रे मोजा. हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय बहुतेक खेळांत असते. ठिपके कमी करताच चित्रे बरीच वाढली, तर अडसर कार्डाचा आहे. वाढली नाहीत, तर अडसर प्रोसेसरचा आहे.

आधी झाडू

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. संगणक कारखान्याला लागून असलेल्या खोलीत होता. पहिला खेळ मोठ्या शहराचा, रस्त्यावर माणसांची आणि गाड्यांची गर्दी. मापन : १०८० वर २६ चित्रे, ७२० वर २७. अडसर प्रोसेसरचा, हे उघड होते. तरीही आकडा मला फारच कमी वाटला. तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला, तर प्रोसेसर ९८ अंश सेल्सिअस! त्याची कंप्रता ३.२ गिगाहर्ट्झ असायला हवी होती, ती २.१ वर घसरली होती.

यामागचे भौतिकशास्त्र समजून घ्या. प्रोसेसरमधील स्विचांच्या उघडझापीने जी उष्णता निर्माण होते, तिची शक्ती साधारणपणे

शक्ती = धारिता × (विभव)² × कंप्रता

या सूत्राने मिळते. समजा, कंप्रता २० टक्क्यांनी आणि विभव १० टक्क्यांनी कमी केले. तर शक्ती ०.८ × ०.९ × ०.९ = ०.६४८ पट होते, म्हणजे उष्णता सुमारे ३५ टक्क्यांनी घटते. म्हणूनच चिप फार तापली की स्वतःला जपण्यासाठी ती आपली कंप्रता आणि विभव खाली आणते. यंत्र बिघडलेले नसते, ते घाबरून हळू चाललेले असते.

आम्ही वीज बंद केली, वायर काढली आणि पेटी उघडली. प्रोसेसरवरील उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये कापसाच्या बारीक तंतूंची गादीच बसली होती! मागांच्या गावात असे होणारच. कापूस उष्णतेचा मंदवाहक आहे, म्हणून तर आपण गोधडी पांघरतो. इथे प्रोसेसरच गोधडी पांघरून बसला होता. शिवाय पात्यांतून वारा जायला वाटच उरली नव्हती. मऊ ब्रशने आणि हवेच्या पंपाने सारे साफ केले. पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवली, नाहीतर वाऱ्याने तो भलत्याच वेगाने फिरतो. प्रोसेसर आणि धातूचे पाते यांच्यामधील वाळलेला लेप पुसून नवा लेप लावला.

पुन्हा मोजले. तापमान ७१ अंश, कंप्रता ३.२ गिगाहर्ट्झ, चित्रे ३८. खर्च झाला तो लेपाच्या नळीचा. मुलगा नुसता पाहतच राहिला. दारात उभे असलेले वडील म्हणाले, "सर, मागाला रोज तेलपाणी करतो आपण. याला दहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता."

एक इशारा : वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नका. त्यातील धारित्रात वीज बंद केल्यावरही घातक प्रभार राहू शकतो.

खेळ बदलला, अडसर बदलला

साफसफाईनंतर दोन खेळ तपासले.

शहराचा खेळ : १०८० वर ३८ चित्रे, ७२० वर ३९. अडसर प्रोसेसरचा.

जंगलाचा खेळ (माणसे थोडी, झाडे, पाणी आणि सावल्या पुष्कळ) : १०८० वर ३४ चित्रे, ७२० वर ६१. अडसर कार्डाचा.

संगणक तोच, दिवस तोच, पण उत्तरे दोन. म्हणून 'माझा संगणक खेळांसाठी चांगला आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या खेळासाठी, किती ठिपक्यांवर, सेकंदाला किती चित्रे?' असा पुरा प्रश्न विचारला, तरच उत्तर मिळते. या मुलाला मुख्यतः शहराचा खेळ खेळायचा होता. दुकानदाराचे कार्ड घेतले असते, तर तिथे जवळजवळ काहीच फरक पडला नसता.

सरासरी फसवते

मुलगा म्हणाला, "पण सर, मधूनच धक्का बसतो. त्याचं काय?"

पाहा. एका सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि एका चित्राला ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज ५९० + ४१० = १०००. सरासरी पाहिली तर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे उत्तम! पण डोळ्याला जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा धक्का जाणवला. सरासरीत धक्के लपतात.

असे धक्के बहुधा स्मृतीच्या टंचाईमुळे बसतात. त्याच्या संगणकात रॅम ८ गिगाबाइट होती आणि आजच्या कित्येक मोठ्या खेळांना १६ लागते. रॅम भरली की संगणक काही माहिती हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. वाचक योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी काही मिलिसेकंद. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून तेच काम सुमारे ०.१ मिलिसेकंदात होते. एका चित्राला मिळतात अवघे १६.७ मिलिसेकंद. अशा वेळी फिरत्या डिस्कची दोन-चार वेळा वाट पाहणे परवडत नाही.

मात्र एसएसडीने शहराच्या खेळाची ३८ चित्रे ५० होणार नाहीत. तिच्यामुळे खेळ लवकर उघडेल आणि धक्के कमी होतील, इतकेच. किती लवकर? समजा, खेळ उघडायला १०० सेकंद लागतात, त्यांत ७० डिस्कचे आणि ३० प्रोसेसरचे. दहापट वेगाची एसएसडी बसवली तर ७ + ३० = ३७ सेकंद. ती अनंत वेगाची असली, तरी ३० सेकंद लागणारच. सुधारणेला उरलेल्या भागाची मर्यादा असते. हाच विचार जीन अम्डाल यांनी १९६७ साली मांडला आणि तो 'अम्डालचा नियम' म्हणून ओळखला जातो.

सुधारावे की बदलावे?

हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. धोट्याचा साधा माग तसाच ठेवून त्याला धागा तुटताच थांबवणारी जोडणी बसवावी, की तो काढून बिनधोट्याचा रेपियर किंवा एअरजेट माग आणावा? २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या पॉवरटेक्स योजनेत साध्या मागांना अशा जोडण्या बसवण्यासाठी मदत होती. जोडणीने कापडातील दोष कमी होतात, पण माग एअरजेटच्या वेगाने धावत नाही. सांगाडा जुना असला की सुधारणेला एक छत असते.

संगणकाचे छत पुढील चार गोष्टींवरून ओळखता येते.

१. जोडकाम. प्रोसेसर कोणता बसेल हे मदरबोर्ड ठरवतो. या संगणकातील प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, चार गाभ्यांचा होता. नव्या पिढीचा बसवायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो आणि मग जुनी डीडीआर ३ रॅमही निरुपयोगी होते.

२. वीज. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. मामाचे जीटीएक्स १६५० कार्ड नेमके तेवढ्यात भागणारे. मोठ्या कार्डाला वेगळी तार आणि दमदार वीजपुरवठा लागतो, म्हणजे आणखी खर्च.

३. खेळाची सक्ती. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम : द डार्क एजेस' (२०२५) या खेळांना प्रकाशकिरणांचा माग काढणारी खास सोय कार्डात असावीच लागते. ती नसेल तर ठिपके कमी करूनही उपयोग नाही.

४. कार्यप्रणाली. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. चौथ्या पिढीचे यंत्र त्या यादीत नाही.

यावरून मी त्याला एकच नियम सांगितला. जुन्या यंत्रावर खर्च करायचा तर उद्या नव्या यंत्रात नेता येईल, अशाच वस्तूवर करावा. एसएसडी नेता येते. डीडीआर ३ रॅम नेता येत नाही, म्हणून ती वापरलेली आणि अगदी स्वस्तात मिळाली तरच घ्यावी. ग्राफिक्स कार्डही नेता येते, पण आज अडसर तिथे नसताना ते घेणे म्हणजे कांड्या नसताना माग आणणे.

शेवटी काय ठरले?

त्याने एसएसडी घेतली. ओळखीच्या एका कार्यालयातून काढून टाकलेली ८ गिगाबाइटची रॅमची पट्टी थोडक्या पैशांत मिळाली, ती बसवली. शहराच्या खेळात गर्दी कमी ठेवण्याची मांडणी असते, ती वापरली. त्याने प्रोसेसरचे काम घटले आणि चित्रे ३८ ची ४५ झाली. धक्के बहुतेक थांबले. उरलेली रक्कम त्याने बँकेत ठेवली आहे, पुढे पुरे यंत्र घेण्यासाठी. वडिलांकडे सात हजार मागायची वेळ आली नाही. दरम्यान पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ त्याने घेतला. मात्र आधी त्याच्या गरजांचा तक्ता वाचून आणि आपल्या यंत्राशी ताडून!

तुमच्या घरचे उत्तर वेगळे निघू शकेल. तुमचा अडसर कार्डाचा असेल आणि वीजपुरवठा पुरेसा असेल, तर कार्ड घेणेच शहाणपणाचे ठरेल. उत्तर पाठ करू नका, पद्धत लक्षात ठेवा : साफ करा, मोजा, मंद कडी शोधा, मगच पाकीट उघडा.

स्वतः करून पाहा

१. एका खेळात प्रोसेसरला १२ आणि कार्डाला ३० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला किती चित्रे? दुप्पट वेगाचे कार्ड घेतल्यास किती?

२. तुमचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. संगणक १२० चित्रे बनवतो. डोळ्यांपर्यंत पुरी चित्रे जास्तीत जास्त किती पोहोचतील?

३. नवे कार्ड जुन्यापेक्षा २०० वॉट जास्त घेते. रोज दोन तास खेळल्यास ३० दिवसांत विजेची किती युनिटे जास्त लागतील?

४. शाळेच्या संगणक-कक्षातील एका संगणकाचे तापमान साफसफाईपूर्वी आणि नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजा आणि फरक वहीत लिहा.

उत्तरे : (१) ३३, दुप्पट वेगाच्या कार्डाने मोठा वेळ १५ मिलिसेकंद, म्हणजे ६७. (२) ६०. (३) ०.२ × २ × ३० = १२ युनिटे.